पलीकडच्या खोलीत

टॅबिथाला रविवारी जो राग आला होता, तो बुधवार उजाडला तरी उतरायला तयार नव्हता.

कारण तिचा भाऊ अँब्रोज. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या रविवारच्या बैठकीत ना पाद्री असतो, ना प्रवचन. सगळे गप्प बसून अंतरीच्या प्रकाशाची वाट पाहतात. ज्याला आतून काही उमगेल तो उठून बोलतो, आणि त्याला उलट उत्तर द्यायचं नाही अशी रीत. अँब्रोजने नेमका या रीतीचाच फायदा उठवला. उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आईला आता वृद्धाश्रमात न्यावं, असं मला रोजच्या ध्यानात स्पष्ट ऐकू येतंय." दोन-चार माना डोलल्या. टॅबिथा दातओठ खात बाकावर बसून राहिली. इतकी वर्षं आईला सांभाळलं तिने, आणि आवाज ऐकू आला याला! बरं, याचा आतला आवाज आजवर एकदाही याच्या सोयीविरुद्ध बोललेला नव्हता. गाडी घेतानाही तो बोलला होता, आणि निळीच घे म्हणाला होता.

तीही रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ध्यानाला बसायची. ही सवय लहानपणी आईनेच लावलेली. आता मात्र डोळे मिटले की अँब्रोजचा सात्त्विक चेहरा समोर यायचा आणि आतून एकच ऐकू यायचं, आईला हलवायचं नाही. तेच खरं, असं तिने धरून ठेवलं.

बुधवारी अँब्रोज आला. कोटही न काढता म्हणाला, "टॅबी, जरा शांत बसूया का दोघं? उत्तर आपोआप येईल."

"उत्तर तू घेऊनच आलायस. बसायचं कशाला?"

"तुझ्यात फार राग आहे गं. रागात आतला आवाज ऐकू येत नाही."

"तुझा येतो की. सगळ्या बैठकीने ऐकला. देवाला पुढे करून आपलं घोडं दामटायला लाज कशी नाही वाटली?"

"गप्प बसा दोघं."

पलीकडच्या खोलीच्या दारात आई उभी होती, वॉकरला धरून. नव्वदी उलटली तरी मर्सीबाईंचे कान तिखट होते.

"माझ्या जाण्याबद्दल एकाला आतून 'हो' ऐकू येतं, दुसरीला 'नको'. मी भिंतीपलीकडे आहे. मला कुणी विचारलं?"

अँब्रोजने आता कुठे कोट काढला.

"मग आता विचारतो, आई," अँब्रोज नरमला.

"जायचंय मला. तिथे माझी मैत्रीण हिल्डा आहे, दुपारी पत्ते असतात. माणसं बोलतात एकमेकांशी."

अँब्रोजचा चेहरा उजळला. "बघ टॅबी, मी म्हणत होतो ना..."

"तुझा अंधारात मारलेला दगड लागला, एवढंच," आई म्हणाली. "फुशारकी नको."

टॅबिथाने किटली शेगडीवर आदळली. राग तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा हेच तिला कळेना. "एवढं सगळं केलं तुझं. एकदा तरी बोलायचंस, आई."

"केव्हा बोलू? सकाळी यावं तर तू डोळे मिटून बसलेली."

टॅबिथाचा हात सवयीने चहाच्या डब्याकडे गेला आणि थांबला.

"काय घेशील?" तिने तणतणतच विचारलं.

"कॉफी," आई म्हणाली. "चहा मला कधीच आवडला नाही."