देवीला सगळं आधीच ठाऊक होतं

आमच्या सावळीराम भाऊजींच्या अंगात दर मंगळवारी देवी येते. एरवी हा माणूस चहासुद्धा दहादा फुंकून पितो, पण संबळ वाजला की निफाड तालुक्याचं मागचं-पुढचं सगळं सांगतो. त्या मंगळवारी माझ्याकडं बघून घुमत म्हणाला, "चतुरे, तुझ्या बागेची मुळं तुटली. डोंगरातला हात होता."

मी नुकतीच बागेतून आले होते. द्राक्षांची बाग हिरवीगार, घड गोडीला आलेले. म्हटलं, देवीचा डोळा लागला असेल.

बुधवारी दुपारी पानांनी माना टाकल्या. वाकून बघते तर बांधाकडच्या वेली बुडातून करवतीनं कापलेल्या! लेकरासारखी जपलेली बाग. तिथंच मातीत बसून रडले. गाव मात्र हरखलं. "बघा, देवीला आधीच ठाऊक होतं!" माझी बाग गेली त्याचं कोणाला काय नाय, देवी पास झाली याचा आनंद!

रडता रडता माझ्या डोक्यात आलं, वरून हिरवी दिसणारी बाग खालून तुटलीये हे मंगळवारी कोणाला ठाऊक असणार? एक तर देवीला, नायतर करवतवाल्याला. आणि त्या बांधावरून भाऊजींचं नि आमचं जुंपलेलंच होतं.

पण गावाला डोंगरातला हात पाहिजे होता. आमच्या बागेत डोंगरातल्या पेठहून कामाला आलेला किशोर सापडला. त्याला देवीच्या ओट्यापुढं खांबाला बांधून झोडपलं. पहिली चपराक आमच्या ह्यांची. नवरा हाय म्हणून काय झालं, लाज वाटली मला त्यांची. किशोर सारखा म्हणत होता, "मी नाय कापलं, बाई." संध्याकाळी देवीचा कौल घ्यायचा आणि मग त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, असं ठरलं.

मंगळवार नसूनही संबळ वाजला. भाऊजी घुमले. सवाल मी टाकला, बाग माझी ना!

"आई, किशोर कापणार हे तुला आधी ठाऊक होतं?"

"मला सगळं ठाऊक असतं!"

"मग त्याचा हात का नाय धरला?"

भाऊजी जरा जास्तच घुमले. "माणसाला मी मोकळीक दिलीये."

"म्हणजे त्यानं नसतं कापलं तरी चाललं असतं?"

"कसं चालेल? मी लिहिलेलं चुकत नाय!"

"अगं बाई! लिहिणार तू, मोकळीक त्याची, आणि मारही त्यालाच?"

लोक माझ्यावरच खेकसले. देवीशी हुज्जत घालते म्हणाले.

मी पदराखालून करवत काढली. ओट्याला लागूनच भाऊजींची बाग हाय. "बरं आई, हुज्जत नाय घालत. भाऊजींची बाग आज जायची असं तू लिहिलं असेल, तर मला कापावीच लागेल. नसेल लिहिलं, तर मोकळीक हायच." असं म्हणून सरळ आत शिरले आणि पहिल्या खोडाला करवत लावली.

देवी धोतर सावरत ओट्यावरून उडी मारून आली. माझं मनगट असं धरलं की बांगड्या पिचल्या. "वहिनी, पाया पडतो, नका कापू! मी तुमच्या नुसत्या बांधाकडच्या कापल्या होत्या!"

संबळ थांबला.

"धरता येतो की हात," मी म्हटलं. "स्वतःची बाग असली म्हणजे."

आता भाऊजी म्हणतात, तेसुद्धा देवीनंच करवून घेतलं. पुढच्या मंगळवारी ओट्यावर पुन्हा ही गर्दी! आमचे हे नारळ घेऊन सगळ्यात पुढं.

किशोर त्याआधीच पेठला निघून गेला. जाताना त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. मी हात जोडून माफी मागितली, तर म्हणाला, "बाई, मी नाय कापलं, हेबी तुमच्या देवीला आधी ठाऊक असेल ना?"