लोरेटा ह्यूबनरचं मत

“‘पुरवील’ लिहिलंस ना, तर आमच्यातला एकही माणूस या कागदाला हात लावायचा नाही,” हार्लन स्ट्रूब म्हणाला.

“आणि ‘पुरवू शकेल’ लिहिलं, तर मग कागद हवाच कशाला?” जोॲन मॅकगिल्व्हरे उसळली. “शकतात तर आजही. शकतात, म्हणूनच करत नाहीत!”

टेबलाच्या अलीकडे तो, पलीकडे ती. भांडत होते एकमेकांशी, पण दोघांचंही लक्ष मधे बसलेल्या लोरेटाकडे. खोली विधिमंडळाच्या तळघरातली. फेब्रुवारीतला बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढलेला. हार्लनच्या बुटांवरचा बर्फ वितळून गालिच्यावर तळं साचत होतं.

“बूट तरी झटकून यायचं होतंस,” जोॲन म्हणाली. “गोठ्यात आलायस का?”

“गोठ्यात बरं असतं. तिथे कुणी मला मधेच तोडत नाही.”

लोरेटा हसली नाही. एकतीस वर्षांत तिने अशा वेळी न हसण्याची सवय लावून घेतली होती. एकाच्या विनोदाला हसलं, की दुसऱ्याला वाटतं बाई तिकडची.

प्रश्न रुग्णवाहिकांचा होता. राज्यात पोलीस असायलाच हवेत असं कायद्यात होतं, आगीचा बंब असायलाच हवा असंही होतं. रुग्णवाहिका असायलाच हवी, असं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. गावोगावची माणसं आपापली कामं सांभाळून, बिनपगारी, ती चालवत आली होती आणि आता ती माणसं म्हातारी झाली होती. प्रत्येक जिल्ह्यावर ही जबाबदारी टाका, असं जोॲनचं म्हणणं. ती डेमोक्रॅट, खाणीच्या गावातली, पूर्वाश्रमीची नर्स. राजधानीत बसून जिल्ह्यांना हुकूम सोडू नका, असं हार्लनचं म्हणणं. तो रिपब्लिकन, पूर्वेच्या मैदानातला, गहू पिकवणारा आणि गुरं राखणारा. दोघेही सिनेटर, आणि विधेयकावर दोघांचीही नावं होती. त्या अधिवेशनात एवढी गोष्टसुद्धा नवलाची होती.

लोरेटाने पेन्सिल उचलली. शब्द जुळवणं हे तिचं काम. कुठल्याही पक्षाचा माणूस येवो, त्याला जे हवं ते कायद्याच्या भाषेत नीट मांडून द्यायचं. दोन ओळी खोडून तिने तिसरी लिहिली आणि कागद मधोमध सरकवला.

हार्लनने ओळीखाली बोट फिरवत वाचलं. “‘प्रत्येक जिल्हा रुग्णवाहिका सेवा पुरवील, ती स्वतः पुरवावी की शेजारच्या जिल्ह्याशी करार करून, हे त्या जिल्ह्याचे मतदार ठरवतील.’” त्याने परत वाचलं. “मतदार ठरवतील. हं.”

“‘पुरवील’ आहे यात,” जोॲन हळूच म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर शब्द उडून जाईल.

“दिसतंय मला. आंधळा नाही झालो अजून.” हार्लन खुर्चीत मागे रेलला. “हे मी घरी जाऊन सांगू शकतो. हुकूम नाही म्हणावं, तुम्हीच ठरवा.”

“आणि मी सांगेन, जबाबदारी टाकलीच.”

“म्हणजे दोघंही खरं बोलणार. किती दिवसांनी!”

बाहेर पडताना दोघांनी हात मिळवले. जोॲन काहीतरी बोलली, हार्लन मान मागे टाकून हसला, आणि नेमकं तेव्हाच व्हरांड्यातल्या कुणीतरी त्यांचा फोटो काढला.

लोरेटा कुणाला मत देते, हे तिच्या कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. मोटारीवर तिने कधी कुठल्या उमेदवाराची पट्टी चिकटवली नाही, अंगणात पाटी रोवली नाही. पक्षांतर्गत निवडणुकीत कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते तोंडाने सांगावं लागतं, म्हणून त्या दिवशी ती मतदानालाच जात नसे. चर्चच्या जेवणावळीत राजकारण निघालं, की ती उठून कॉफी वाढू लागे. नवरा होता तोवर तो चिडवायचा, “मी एका बंद लिफाफ्याशी लग्न केलंय.” तिला त्याचा राग येत नसे, उलट थोडा अभिमानच वाटायचा. दोन्ही बाजूंनी विश्वास टाकावा अशी आपण एक जागा आहोत, असं तिला वाटे.

पूर्वी ही जागा गजबजलेली असायची. ती नवीन असताना दोन्ही पक्षांचे सभासद अधिवेशनाचे तीन महिने एकाच घरात भाड्याने राहायचे, एका कढईतलं खायचे, आणि सकाळी तिच्याकडे येऊन म्हणायचे, “रात्री पत्ते खेळताना आमचं मिटलंय, तू फक्त लिहून दे.” आता दोन्ही पक्षांचे वकील तयार मसुदेच धाडत. माणसं कमी येत. आली तर एकटी येत.

फोटो त्याच संध्याकाळी सगळीकडे फिरला. एका बाजूने त्याखाली लिहिलं होतं, ‘स्ट्रूब विकला गेला’. दुसऱ्या बाजूने लिहिलं होतं, ‘मॅकगिल्व्हरेने आमची जबाबदारी मतदारांच्या गळ्यात टाकली’. आतला मसुदा कुणी वाचलेला दिसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी हार्लन एकटाच आला. या वेळी त्याने बूट बाहेर झटकले होते.

“बसू का?”

“बसा ना, सिनेटर.”

तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. “काल एकाने जाहीर केलंय, पुढच्या वर्षी माझ्याविरुद्ध उभा राहणार म्हणून. आमच्याच पक्षातून. त्याचं काही नाही, उभं राहायचा हक्क आहे त्याला. पण माझ्या बायकोला, एर्लाला, दुकानात बायका बोलल्या. चाळीस वर्षं जिच्याबरोबर चर्चमध्ये गाते, तिने बाकावरची जागा बदलली म्हणे. एका फोटोसाठी!”

लोरेटाने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“आज दुपारी मतदान आहे,” तो म्हणाला. “मी विधेयकाच्या बाजूने उभा राहिलो तर माझ्याबरोबर आठजण येतील. बसलो तर तेही बसतील.” मग त्याने वर पाहिलं. “तू सांग, लोरेटा. एवढी वर्षं हे सगळं बघतेयस. इथे तू आणि मी, दोघंच आहोत. काय करू?”

तिच्या डोळ्यांसमोर वेंडेल आला. तिचा धाकटा भाऊ, चौसष्ट मैलांवर, कॉटनवुड क्रॉसिंगमध्ये. बियाण्याच्या दुकानात काम करणारा आणि सत्तावीस वर्षं गावची रुग्णवाहिका चालवणारा. गेल्या जानेवारीत वाऱ्याने रस्ता दिसेनासा झाला, तेव्हा रुग्णवाहिकेवरची त्याची सोबतीण पुढे कंदील घेऊन चालली होती आणि तो तिच्यामागे गाडी रांगवत होता. आत अडलेली बाळंतीण. “आता आम्ही पाच उरलोय, लोरेटा,” नाताळात तो म्हणाला होता. “त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेत.”

हे ती सांगू शकली असती. ते मत झालं नसतं, नुसती हकिकत झाली असती. शब्द जिभेपर्यंत आलेही होते.

“सिनेटर,” ती म्हणाली, “मसुदा लिहिणाऱ्याला मत नसतं.”

हार्लनने मान हलवली. “बरोबर आहे तुझं. माझं ओझं तुझ्यावर कशाला टाकू.” त्याने गुडघ्यावरची टोपी उचलली. “मग एक दुरुस्ती लिहून दे. ‘पुरवील’ काढ. ‘पुरवू शकेल’ घाल.”

तिने ती लिहिली. नऊ शब्दांची दुरुस्ती. एकही चूक नव्हती तिच्यात.

दुपारी दुरुस्ती मंजूर झाली, आणि उरलेलं विधेयक जोॲननेच नाकारलं. “हे पोकळ भांडं मी माझ्या लोकांना दाखवणार नाही,” ती सभागृहात म्हणाली, आणि हार्लनकडे वळून असं काही बोलली, की अध्यक्षांना हातोडा आपटावा लागला. तिच्या बाजूचे सगळे विरोधात गेले. हार्लनच्या बाजूचे कडवे तर आधीपासूनच विरोधात होते. तेवीस विरुद्ध सत्तावीस. दोन्ही पक्षांनी मिळून केलेलं त्या आठवड्यातलं ते एकच काम.

संध्याकाळी जोॲन पर्स घ्यायच्या निमित्ताने खाली आली. डोळे लाल होते. “पोकळ तर पोकळ, नुसतं नाव तरी कायद्यात आलं असतं,” ती म्हणाली. “दोन वर्षांनी त्यात काहीतरी ओतता आलं असतं. मला राग आवरला नाही गं.” लोरेटाने तिला पाणी दिलं. त्यावरही तिने मत दिलं नाही.

अधिवेशन संपलं आणि लोरेटा निवृत्त झाली. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये हार्लन पक्षांतर्गत निवडणूक हरला. दुरुस्तीने त्याला वाचवलं नाही. लोकांच्या लक्षात फक्त फोटो राहिला होता.

ऑक्टोबरात कॉटनवुड क्रॉसिंगने रुग्णवाहिका बंद केली. तिघेच उरले होते, आणि तिघांवर परवाना मिळत नाही. गाडी पूर्वेच्या जिल्ह्याला द्यायचं ठरलं. गावाने गावच्याच सभागृहात जेवण ठेवलं. सूप, हॅमचे सँडविच, रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री. लोरेटा सकाळीच गेली आणि भावाबरोबर गाडी धुऊ लागली.

“द्यायचीच आहे, तर एवढी घासतोस कशाला?”

“दुसऱ्याच्या घरी पाठवायची ना,” वेंडेल म्हणाला.

जेवताना म्हातारी मिसेस ओडेगार्ड काठी टेकत त्याच्यापाशी आली. “वेंडेल, आता मी फोन कुणाला करू रे?”

“तोच नंबर, मिसेस ओडेगार्ड. फक्त जरा वाट बघावी लागेल.”

“किती?”

वेंडेलने खाली पाहिलं. “पाऊण तास. रस्ता चांगला असला तर.”

गाडी न्यायला दुपारी माणूस आला. लोरेटाने दारातून पाहिलं आणि तिच्या हातातली बशी तशीच राहिली. हार्लन स्ट्रूब होता. नव्या निळ्या जाकिटात, छातीवर प्रशिक्षणाचा बिल्ला. एकोणसत्तराव्या वर्षी त्याने उन्हाळाभर वर्गात बसून परीक्षा दिली होती. सभागृहातलं बोलणं थांबलं. सगळ्यांना तो कोण ते ठाऊक होतं. एका टेबलाने पाठ फिरवली ती तो विकला गेला म्हणून, दुसऱ्याने फिरवली ती तो पळाला म्हणून.

तो लोरेटापाशी आला. “तू इथे?”

“वेंडेल माझा भाऊ.”

हार्लनने वेंडेलकडे पाहिलं, त्याच्या जाकिटावरचा रुग्णवाहिकेचा बिल्ला वाचला.

“तेव्हाही चालवत होता?”

“तेव्हाही.”

“त्या सकाळी बोलली नाहीस.”

“नाही बोलले.”

“बोलली असतीस तर...” त्याने हाताने चेहरा पुसला. “खरं सांगतो, बोलली असतीस तरी मी कदाचित तेच केलं असतं. एवढा काही मी धीट नाही. पण आता ते आपल्याला कधीच कळायचं नाही, नाही का?”

“मला मत होतं, हार्लन,” ती म्हणाली. वीस वर्षांच्या ओळखीत तिने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली होती.

“माहीत होतं मला. म्हणून तर विचारलं.”

वेंडेल किल्ली घेऊन आला. एवढ्या वर्षांत त्याला काही म्हणायचं साठलं असेल, तर त्यातलं त्याने काही म्हटलं नाही. हार्लनला त्याने गाडीभोवती फिरवून आणलं. “मागचं डावं दार थंडीत अडकतं. ओढायचं नाही, खांदा लावायचा. ऑक्सिजनची नळी वरच्या खणात. आणि वळणावर हळू. आतल्या माणसाला प्रत्येक खड्डा कळतो.”

हार्लनने एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली, वर्गातल्या मुलासारखी. मग तो चढला.

भाऊबहीण रस्त्याच्या कडेला उभे राहिले. कापलेली शेतं दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पसरली होती. दोन्ही दिशांना मैलभर दुसरं वाहन नव्हतं. गावाबाहेरच्या चौकात गाडी थांबली, पूर्ण थांबली, आणि मग तिचा उजवा दिवा उघडझाप करू लागला.

“कुणी नसताना पण दिवा लावला त्याने,” वेंडेल म्हणाला. “चालवेल नीट.”

गाडी वळली. धूळ खाली बसेपर्यंत दोघे तिथेच उभे होते.