लाल मुठीची जीप

माझ्या गोष्टींना साक्षीदार एकच होता, आमच्या जीपचा ड्रायव्हर प्रेमदास. मी सांगावं, की जीप कयाधूच्या पुरातून पोहत पलीकडं गेली आणि ऐन धारेत एक मरळ मासा उडी मारून बोनेटवर बसला. ऐकणाऱ्यांनी तोंडं वाकडी करायच्या आत स्टेअरिंगमागून आवाज यायचा, "व्हय, बराबर." बास. अकरा वर्षांत त्यानं यात एक शब्द जास्त घातला नाही. तो नसता तर आमच्या साखरा गावात मला लबाड म्हटलं असतं. तो होता म्हणून शेषराव आबा म्हणत. असा साक्षीदार मी एका सकाळी स्वतःच्या तोंडानं घालवला.

जीप मी त्र्याण्णव साली लष्कराच्या लिलावात घेतली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती, आणि पावसाळ्यात साखऱ्यापर्यंत पोचणारं खात्रीचं वाहन म्हणजे रेडा. ही चारही चाकांनी ओढणारी. मोठ्या गिअरशेजारी एक छोटी दांडी, तिच्या टोकाला लाल मूठ. काळ्या चिखलात रुतली, की प्रेमदासनं ती मूठ ओढायची, अन् जीप म्हशीसारखी अंग झाडत वर यायची. औंढ्याच्या डोंगरात बैल जिथं गुडघे टेकायचे, तिथं आम्ही पान खात चढायचो. हमरस्त्यावर मात्र तिचं काही खरं नव्हतं. चाळिसाच्या पुढं गेली की रडायला लागायची, अन् मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकायचे.

आणली त्या दिवशी माझ्या बायकोनं, शकुबाईनं विचारलं, "साठ घोड्यांचं बळ हाय म्हणता, मंग घोडे कुठं हायेत?"

मी बोनेट उघडून पंखा फिरवणारा रबरी पट्टा दाखवला. "आत हायेत. ह्या पट्ट्याला बांधलेत, म्हणून पळत न्हाईत."

"व्हय, बराबर," प्रेमदास म्हणाला.

शकुबाईनं पट्ट्याला हात लावून कपाळाला लावला. मी ते विसरूनही गेलो. सांगितलेली प्रत्येक गोष्ट ध्यानात ठेवायची म्हटलं, तर माणसानं शेती कधी करावी?

दोन हजार चारला गावापर्यंत डांबरी आली. डांबरीवर आमची जीप म्हणजे रेशनच्या रांगेत उभा केलेला पहिलवान. वारंगा फाट्यावरच्या सोमेश्वरनं ती विकत मागितली. त्याचं हॉटेल फाट्यावर, पण शेत डोंगराकडं, वाट सगळी चिखलाच्या पांदणीची. गुरुवारी आणून देतो, म्हणालो. त्या दिवसापासून प्रेमदास बोलेनासा झाला. जीप धुवायचा, पुसायचा, पण माझ्याकडं बघायचा नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

गुरुवारी सकाळी निघालो. प्रेमदासचा डावा हात त्या छोट्या दांडीवरून हलेना. सरळ डांबरी, चिखलाचं नाव नाही, अन् हा तळहातानं दांडीचं टोक झाकून बसलेला.

"हात काहून तिथं?"

"असाच."

"असाच म्हंजे?"

"हात हाय आबा. कुठंतरी ठेवावाच लागते."

सेनगावच्या अलीकडंच बोनेटमधून वाफ निघाली. मीटरचे काटे माझ्यासारखेच. खरं सांगायचं त्यांनी कधीच सोडलं होतं, म्हणून आधी कळलं नाही. प्रेमदासनं बोनेट उघडलं अन् तो मागं सरला. पंख्याचा पट्टाच नव्हता.

"तुटून पडला असंल," मी म्हणालो.

त्यानं आत वाकून पाहिलं. "तुटला असता तर चिंधी तरी ऱ्हायली असती. कुणीतरी काढून नेला."

"सकाळी बोनेट कुणी उघडलं व्हतं?"

"म्या. पाणी घालाया. मंग माय आरतीचं ताट घेऊन आली, अन् मी च्या प्यायला गेलो."

"आता माझ्या बायकोवर ढकल."

त्याचा चेहरा उतरला. मी जीपमध्ये डोकावलो. हात निघाला होता, त्यामुळं छोटी दांडी उघडी पडली होती. नुसतं लोखंड. लाल मूठ गायब.

"एक न्हाई, दोन चोऱ्या," मी म्हणालो. "जीप इकू द्यायची न्हाई म्हणून पट्टा काढलास. अन् मूठ काय भंगारात घालणार व्हतास?"

"पट्टा म्या काढला न्हाई."

"अन् मूठ?"

त्यानं मान फिरवली. मला पुरावा मिळाला. खिशातून किल्ली काढून त्यानं ती बोनेटवर ठेवली आणि शेतातून आपल्या तांड्याची वाट धरली.

"आरं, सोमेश्वरला काय सांगू?" मी मागून विचारलं.

"सांगा काहीबी. तुमाला येतंय की."

मी लिंबाखाली बसून राहिलो. एक टेम्पोवाला थांबला, काय झालं म्हणाला. मी सांगितलं, की इंजनातल्या पाण्यात साप शिरला, त्याच्या फुत्कारानं पाणी उकळलं. सांगून झालं अन् सवयीनं मान स्टेअरिंगकडं वळली. तिथं कुणी नव्हतं. टेम्पोवाला नुसता हसला. त्यानंच मला गावात आणून सोडलं.

घरी शकुबाई गोठ्यात होती. भिंतीतल्या खुंटीवर आमच्या विकलेल्या बैलांची दावी टांगलेली असतात. त्यांत आज एक काळी दोरी जास्त होती, मधोमध कापलेली, हळदीकुंकू लावलेली. जवळ गेलो. पंख्याचा पट्टा.

"हे काय?"

"दावं."

"कशाचं?"

"घोड्यांचं. तुमीच तर दाखवलं व्हतं."

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दावं गेलं की गोठ्याची बरकत त्याच्यामागं जाते. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो.

"सोमेश्वर आणंलच की त्याचं," ती म्हणाली. "पर इळ्यानं कापता कापता हात भरून आला. लई घट्ट बांधले व्हते तुमी."

रागवायला मला कुणी उरलं नाही. माझी थाप अकरा वर्षं माझ्याच घरात चारापाणी खाऊन वाढली होती, अन् आज तिनं मलाच शिंग मारलं.

तसाच तांड्यावर गेलो. अंगणात प्रेमदासची बायको पारुबाई ज्वारी पाखडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत हायेत. चोराचं घर हेच, बघून घ्या."

प्रेमदासचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहायचे. बैल गेले, पण त्यांच्या दाव्यांचा जुडगा घरातल्या मेढीच्या खांबाला अजून आहे. त्या जुडग्यात, लाल दोऱ्यानं बांधलेली, जीपची मूठ लटकत होती.

"मालक तुमी," प्रेमदास खाली बघून म्हणाला, "पर हाकत मी व्हतो. दावं माझ्याकडं ऱ्हायला नको?"

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"चोर म्हणल्यावर काय सांगायचं?"

मी शकुबाईच्या पट्ट्याचं सांगितलं. तो हसला नाही. "मायनं बराबर केलं," एवढंच म्हणाला.

"प्रेमदास, माझं चुकलं."

"ही बी गोष्टच का?"

"न्हाई. ही खरी हाय."

"मंग हिला साक्षीदार लागत न्हाई," तो म्हणाला अन् चपला शोधायला लागला. आला, पण वाटेत एक शब्द नाही. सेनगावात नवा पट्टा घेतला, बसवला, पाणी घातलं. हिंगोली गेली, कळमनुरी गेली, तरी नाही. चार वाजता वारंगा फाटा आला.

सोमेश्वर संशयी माणूस. चहात साखर घातली तरी चाखून खात्री करणारा. जीपला दोन फेऱ्या मारून त्यानं आत बोट घातलं.

"शेषराव, हिची मूठ कुठाय?"

"सोमेश्वर, लष्करातली जीप हाय ही," मी सुरुवात केली. "लढाईत वरून इमानं फिरतात. लाल मूठ चमकली, की पडला बाँब. म्हणून फौजेत मूठ बसवतच न्हाईत."

सोमेश्वरनं माझ्याकडं पाहिलं आणि मग प्रेमदासकडं. प्रेमदास रस्त्याकडं बघत होता. नांदेडकडचे तीन ट्रक गेले. मी पान चघळायचा थांबलो.

"व्हय, बराबर," तो म्हणाला. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं पुढं आपलं एक वाक्य जोडलं.

"मी तवा तिथंच व्हतो."