ताईने थांबवलेले गाणे

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना वाटते की हे एखादे जुने कपाट आहे. त्यात त्यांची काही चूक नाही. माझी पाठ भिंतीला, अंग काळपट तपकिरी, आणि एक पाय दुसऱ्या लाकडाचा बसवलेला. पण माझे झाकण उघडा. आत पिवळसर पडलेल्या पट्ट्यांची रांग दिसेल. मी पियानो आहे. आता खूप जुना झालो आहे, पण वाजतो.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथे लाकूड आधी वर्षानुवर्षे वाळत ठेवत, मगच त्याला हात लावत. माझ्या पोटात लोखंडी चौकट बसवली, तिच्यावर तारा ताणल्या, आणि प्रत्येक तारेसमोर नमद्याची, म्हणजे दाबून जाड केलेल्या लोकरीची, टोपी घातलेली एक लाकडी हातोडी ठेवली. पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते आणि मी बोलतो. माझी सगळी विद्या एवढीच.

सुरुवातीची वर्षे मी एका नृत्यशाळेत काढली. तिथे एकच चाल दिवसभर वाजे आणि मुली पाय मोजत. पुढे ती शाळा मोठ्या जागेत गेली आणि तिने नवा पियानो घेतला. मी एका स्टुडिओत आलो. ती इमारत पूर्वी बर्फाचा कारखाना होती. भिंती इतक्या जाड होत्या, की बाहेर ट्रक गेला तरी आत कळत नसे. म्हणूनच ती जागा गाणी ध्वनिमुद्रित करायला निवडली होती. तिथले यंत्र सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे टेपवाले काका म्हणत. काका काचेपलीकडच्या खोलीत बसत, आणि मी अलीकडे, वादकांच्या खोलीत.

त्या काळी गाणी काळ्या तबकडीवर निघत. एका तबकडीवरच्या सगळ्या गाण्यांना मिळून अल्बम म्हणत. आमच्याकडे बहुतेक ब्लूज रॉकचे अल्बम होत. ब्लूज हे मनातले दुःख सांगायचे गाणे. त्यात एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत काय सलते आहे ते सांगून टाकायचे. त्याला विजेच्या गिटारचा आणि ड्रमचा जोर दिला की झाला ब्लूज रॉक. अल्बम एका चमूचा असला, तरी एखाद्या गाण्यासाठी बाहेरून कोणाला तरी बोलावत. त्याला पाहुणा वादक म्हणत. पुष्कळ पाहुणे आले, वाजवून गेले, आणि चहा झाल्यावर विसरलेही गेले. पण एक पाहुणी अशी आली, की तिच्यामुळे एका अल्बमचे नशीब पालटले. तिचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

तो अल्बम भोंग्याचा होता. भोंगा हे गायकाचे टोपणनाव. लहानपणी रडायला लागला की चार घरे जागी होत, म्हणून ते पडले आणि मोठेपणी पोस्टरवरही छापले गेले. तो गिटार वाजवत गाई. ड्रमवर होता ढोल्या, नावाप्रमाणेच देहाचा. आणि खालच्या सुरांचे गिटार वाजवणारा होता मौनीबाबा. तो दिवसभरात फार तर चार शब्द बोले, त्यांतले दोन चहाबद्दल असत.

सगळी गाणी झाली होती, एकच अडले होते. ते भोंग्याने आपल्या वडिलांवर रचले होते. वडील शिंपी होते आणि ते वारले होते. गाणे वाईट नव्हते, पण वाजवून झाले की कोणी कोणाकडे पाहत नसे. ढोल्या काठ्या मांडीवर ठेवून म्हणे, "काहीतरी राहतंय रे." काय राहते आहे, ते कोणालाच सांगता येत नव्हते.

मग भोंग्याने एका नामांकित गिटारवादकाला बोलावले. त्याचा हात इतका मऊ होता की त्याला मखमल म्हणत. मखमल आला, कोट काढून माझ्यावर ठेवला आणि वाजवू लागला. मित्रांनो, मी पुष्कळ गिटार ऐकले, पण तसे नाही! काकांनी काचेमागून टाळ्या वाजवल्या. पण मखमलने मात्र गिटार खाली ठेवले.

"हे काढून टाका," तो म्हणाला.

"का? वेड लागलंय का तुला?" भोंगा ओरडला.

"छान वाजलं, ते मलाही कळतं. पण मी तुझ्या वडलांना कधी पाहिलं नाही. मी नुसती नक्षी काढतोय. ज्यानं त्या घरात दिवस काढलेत, त्याला बोलाव. मग मला काही सुचलं तर मी येईन."

तो कोट घेऊन निघून गेला. आणि मग मौनीबाबाने तोंड उघडले.

"ताईला बोलाव."

भोंग्याचा चेहरा उतरला. "ती यायची नाही."

"विचारलंस?"

ताई म्हणजे भोंग्याची थोरली बहीण. तिनेच त्याला पहिले सूर शिकवले होते. ती पियानोवर, तो गिटारवर आणि मौनीबाबा सोबत, अशी त्यांची सुरुवात झाली होती. पुढे वडील आजारी पडले. ताई घरी राहिली, दुकान सांभाळू लागली आणि भोंगा गावोगाव गात फिरू लागला. वडिलांचे जास्त झाले तेव्हा तिने निरोप पाठवला. "हे कार्यक्रम आटोपून येतो," असे तो म्हणाला. तो आला तेव्हा सगळे आटोपले होते. तेव्हापासून बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

फोन आमच्या खोलीच्या दाराशीच होता. मला फक्त भोंग्याचे बोलणे ऐकू आले.

"हॅलो, ताई? मी बोलतोय... हो, मीच." मग तो फोनची वायर बोटाला गुंडाळू लागला. "जेवलीस का?" मग ती सोडवली. "बाबांवर एक गाणं केलंय. नाही, जमत नाहीये... पियानो आहे इथे. जुना आहे. बरं. बरं, ये."

फोन ठेवून त्याने माझे झाकण बाहीने पुसले.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. तिने भोंग्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बारीक झालायस." मग ती थेट माझ्याकडे आली. झाकण उघडून तिने डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबली, जणू डॉक्टर पाठ तपासतो आहे.

"वरचे सूर थोडे उतरलेत," ती काकांना म्हणाली, "पण याचा खर्ज चांगला आहे. माणूस भला दिसतोय."

मला माणूस म्हणणारी ती पहिलीच. मी काय बोलणार? पण त्या दिवशी मी माझ्या परीने अगदी जीव ओतून वाजलो.

तिने गाणे एकदा ऐकून घेतले आणि ढोल्याला म्हणाली, "तू फार धावतोयस. बाबांचं शिवणमशीन ऐकलंयस कधी? खट-खट, खट-खट चालायचं. मग कापड वळवायला क्षणभर थांबायचं, आणि पुन्हा खट-खट." तिने डाव्या हाताने माझ्या खर्जात तो ताल धरला. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती हात उचलून किंचित थांबे. त्या थांबण्यात काय होते कोण जाणे, पण ढोल्याने काठ्या बाजूला ठेवल्या आणि ड्रमवर बारीक तारांचे ब्रश फिरवू लागला. मौनीबाबाने डोळे मिटले. आणि भोंगा गाऊ लागला:

मशीन थांबलं बाबा, सरली नाही रात,
मशीन थांबलं बाबा, सरली नाही रात,
उशाशी मी बसून होतो, हातात तुमचा हात.

माझ्या पट्ट्यांवरचे हात थांबले.

"थांब," ताई म्हणाली. "कुणाचा हात?"

"अगं ताई, गाणं आहे. गाण्यात चालतं."

"दुसऱ्या कुणाच्या गाण्यात चालेल. बाबांच्या नाही चालायचं. हात मी धरला होता."

भोंग्याचे कान लाल झाले.

"तू इथे पाहुणी आहेस," तो म्हणाला. "तुला पियानो वाजवायला बोलावलंय. शब्द माझे आहेत."

ताईने माझे झाकण लावले. आपटले नाही, अगदी हळू लावले. तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि ती दाराकडे निघाली. मित्रांनो, मला चाके होती, पण ती कधीची गंजली होती. नाहीतर मी तिच्या वाटेत जाऊन उभा राहिलो असतो.

तिचा हात दाराच्या मुठीवर होता तेव्हा भोंगा म्हणाला, "शेवटी माझ्याबद्दल काही बोलले?"

ती वळली नाही. "तुझं नाव घेत होते."

"काय म्हणत होते?"

"विचारत होते, त्याची गाडी उशिरा आहे का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, हो बाबा, उशिरा आहे."

भोंगा मटकन माझ्या समोरच्या बाकावर बसला. त्याने कपाळ माझ्या झाकणावर टेकले. त्याच्या श्वासाने माझे पॉलिश ओलसर झाले, ते मला कळले. बऱ्याच वेळाने ताई आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सरक. बाक लहान आहे."

तो सरकला. तिने झाकण उघडले. पुन्हा खट-खट सुरू झाले. या वेळी भोंगा उभा राहिला नाही, तिच्या शेजारी बसूनच गायला. पहिल्या दोन ओळी तशाच राहिल्या. तिसरी त्याने तिथल्या तिथे बदलली:

तुम्ही शोधत होता हात, मी दूर कुठे गात.

'गात' म्हणताना त्याचा आवाज चिरकला. ताई थांबली नाही. तिने उजव्या हाताने वरचे थोडेसे सूर वाजवले, कोणी पांघरूण घालावे तसे. गाणे संपले.

काका काचेमागून डोळे पुसत म्हणाले, "आवाज फाटलाय. आणखी एकदा घेऊ या का?"

"राहू दे," भोंगा म्हणाला. "खरा आवाज तोच आहे."

मखमलला ते ऐकवले, तेव्हा त्याने लगेच गिटार काढले आणि ताई जिथे जिथे हात उचले, तिथे फक्त एकेक सूर ठेवला. "आता मला जागा दिसतेय," तो म्हणाला. एवढा मोठा वादक, पण त्या गाण्यात तो अगदी मोजके वाजवून गेला.

तबकडीचे आवरण छापायला द्यायचे होते, तेव्हा भोंग्याने ताईला विचारले, "तुझं नाव आमच्यात घालू, की पाहुण्यांत?"

"पाहुण्यांतच घाल," ताई हसून म्हणाली. "पाहुण्याला निदान पुन्हा बोलावतात."

अल्बमचे नाव ठेवले 'उशिराची गाडी'. तो आधी हळूहळू आणि मग धडाक्याने खपला. आजही जुने जाणकार तो काढून ऐकतात. दूरदूरचे वादक मला पाहायला येत. कोणी ताईचा तो ताल वाजवून पाहत, पण नेमके कुठे थांबायचे ते त्यांना साधत नसे. ताईला पुढे अनेकांनी पाहुणी म्हणून बोलावले. दुकान बंद असेल त्या दिवशी ती येई. भोंग्याच्या तर प्रत्येक अल्बमवर ती होती.

मग दिवस पालटले. काखेत मावतील असे विजेवरचे पियानो निघाले. काका निवृत्त झाले. माझ्यावर आधी वायरींची भेंडोळी आली, मग हेल्मेटे, मग खोकी. शेवटी स्टुडिओ बंद झाला आणि मला जिन्याखाली लोटले. तिथे ओल होती. उंदरांनी हातोड्यांचा नमदा कुरतडला, काही तारा गंजून तुटल्या. त्या वेळीच माझा एक पायही मोडला. एवढी गाणी पोटात घेऊन मी मुका झालो होतो. राग नाही आला, पण वाईट वाटले.

काकांची मुलगी संगीत शिकवते. इमारत पाडणार असल्याचे तिने ऐकले आणि ती मला न्यायला आली. दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी माझा नमदा बदलला, तारा बदलल्या, नवा पाय बसवला. आता मी काकांच्या मुलीच्या शाळेत असतो, खिडकीपासून दूर, कोरड्या भिंतीशी.

अलीकडेच भोंगा आणि ताई शाळेत आले होते. दोघांचे केस पांढरे झाले आहेत. मुलांनी माझ्याभोवती गर्दी केली, तेव्हा ताई म्हणाली, "आधी हात दाखवा. धुतलेत का?" एका मुलीने भोंग्याला विचारले, "आजोबा, तुमचा तो अल्बम इतका चांगला कसा झाला?"

भोंग्याने ताईकडे पाहिले. "मी खोटं गात होतो," तो म्हणाला, "आणि मला थांबवणारं माणूस खोलीत होतं."

मुले जरा गोंधळली. ताईने मान फिरवली आणि विनाकारणच माझ्या पट्ट्या रुमालाने पुसू लागली.

मित्रांनो, माझ्यासारखे एखादे जुने वाद्य तुमच्या शाळेत किंवा घरात असेल, तर त्यावर पाण्याचा पेला ठेवू नका, त्याला ओल लागू देऊ नका, आणि मुख्य म्हणजे त्याला मुके ठेवू नका. स्वच्छ हातांनी रोज थोडे तरी वाजवा. आणि वाजवता वाजवता तुमच्या जवळचे कोणी "थांब" म्हणाले, तर लगेच रागावू नका. पट्ट्यांवरचे हात उचला आणि त्या माणसाला काय सांगायचे आहे ते ऐकून घ्या.