आत्याच्या मानेचे एक्केचाळीस दोष

बुधवारी दुपारी लॅबमध्ये कालोलाइने आत्या पडद्याकडे बघत म्हणाली, "ही मी नाही." पर्स उचलली आणि गेली. शुक्रवारी माझी परीक्षा होती. ऑकलंडच्या युनिव्हर्सिटीत दोन वर्षं घासून मी नाच आणि कॉम्प्युटर यांची जी मोट बांधली होती, तिचा तीन शब्दांत निकाल लागला.

तोंडावर मी आत्याला 'तुम्ही'च म्हणते. इथे 'ती' म्हणतेय, कारण माझा राग अजून गेलेला नाही. आम्ही टोंगन, मूळचे टोंगा बेटांवरचे, आमच्यात बापाच्या बहिणीपुढे कोणाचं काही चालत नाही. नाच तिचा, तेव्हा तिने हो म्हटल्याशिवाय तो परीक्षकांना दाखवायचा नाही, असं बाबांनी मला बजावलं होतं. आणि बाबा तिला समजावणार कसले? ती खोलीत असली की ते आत पाऊल टाकत नाहीत, बहीण-भावाने एका खोलीत बसायचं नसतं. बुधवारीही बाहेर व्हरांड्यातच उभे होते.

गुरुवारी सकाळपासून मला चैन नव्हतं. आईने अळूच्या पानांत, नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण पुढे ठेवलं. दोन घास खाऊन उठले.

"बस गं लुपे, भोवऱ्यासारखी काय फिरतेस," आई म्हणाली. मी बूट घातले आणि सरळ लॅब गाठली.

चुकलं कुठे? काळ्या घट्ट कपड्यांवर चमकते मणी चिकटवून आत्या नाचली, बारा कॅमेऱ्यांनी ते मणी टिपले, त्यावरून पडद्यावर बाई उभी राहिली. हात तिचेच, गुडघे तिचेच. माझ्या गाइड ब्रिजेट मॅडम म्हणाल्या होत्या, इतकं स्वच्छ काम त्यांनी पाहिलं नाही. स्वच्छ म्हणे. मी कॉम्प्युटरने केलेल्या चित्रणाच्या सफाईची जुनी नोंद उघडली. 'दोष ४१. सर्व मानेचे.' खाली माझंच उत्तर: सगळे काढा.

आमच्या नाचात हात शिकवतात, पाय शिकवतात. मान कोणी शिकवत नाही. गाणं अंगात भिनलं की ती आपोआप एका बाजूला झटक्यात कलते. फाकातेकी म्हणतात त्याला, आणि आत्याची फाकातेकी बघायला लोक चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर चढायचे. कॉम्प्युटरला तो झटका बिघाड वाटला. त्याला काय कळतंय? पण मी टोंगन पोरगी, न बघता बटण दाबून मोकळी झाले. माझी मलाच लाज वाटली.

नशीब, मूळ चित्रण शाबूत होतं. सगळे झटके परत घातले आणि आत्याला हातापाया पडून बोलावलं. ती चार वाजता आली, तिला सोडायला आलेले बाबा दाराबाहेरच थांबले. नाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला.

"किती काढले होतेस?"

"एक्केचाळीस."

"खरे चाळीस असतील. एकदा मानेजवळचा मणी टोचला म्हणून मान झटकली होती. तेवढी काढ, मग दाखव कोणाला दाखवायचं ते."

"कुठली, आत्या? तुम्हीच सांगा ना."

"मी कशाला सांगू? पदवी तुला हवीय."

कॉम्प्युटरला विचारून उपयोग नव्हता, त्याला सगळ्या सारख्याच. आणि मी तर चौदाव्या वर्षीच नाच सोडलेला, अभ्यास बरा म्हणून. खुर्चीमागे येरझाऱ्या घालत एकेक झटका मोजला. दोनदा अंदाज सांगितला, दोन्ही वेळा चुकले.

"खाली बस आधी," आत्या म्हणाली. "बघून बघून मलाच चक्कर आली."

बसले. तिने गाणं गुणगुणायला घेतलं, आणि दाराबाहेरून बाबांनी खालचा सूर धरला. मी मोजणं सोडून नुसती बघत राहिले.

मधेच एका ठिकाणी पडद्यावरची मान हलली आणि माझी जागच्या जागी राहिली. तेव्हा कुठे कळलं, की आतापर्यंत माझीही हलत होती.

"ही," मी म्हणाले.

आत्याने पर्स उचलली. "उद्या किती वाजता आहे?"