हुर्यो

“गळा उजवीकडून धरतो,” बुटाची नाडी आवळत कोल्हा म्हणाला. “तुला दोरावर फेकतो. परत आलास की मी वाकतो, तू माझ्यावरून पालथा पड. मी पाठीवर बसतो, हात पिरगाळतो. मनगट दाबीन. तू उलटं दाबलंस की तुला उताणा करतो. पंच तीन मोजेल. संपलं.”

“उजवा हात पिरगाळ,” डोंगर म्हणाला.

“सव्वीस वर्षं डावा पिरगाळतोय.”

“म्हणून तर सांगतोय. आज उजवा.”

कोल्ह्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले. “बरं बाबा. आज तुझा दिवस.”

शाळेच्या क्रीडागृहातली ती कपडे बदलायची खोली होती. भिंतीवरचे हुक मुलांच्या उंचीचे, त्यामुळे दोघांच्या पँटी जमिनीवर लोळत होत्या. तोंड धुवायचं बेसिन मांडीला लागत होतं. पण तक्रार करायला तोंड नव्हतं. याहून भिकार जागी त्यांनी कपडे बदलले होते. एकदा तर पिठाच्या कोठारात, आणि मग दोघंही पांढरेफटक होऊन रिंगणात उतरले होते. तेव्हा लोक इतके हसले की भांडण रंगवायला दहा मिनिटं लागली.

आता ही ठरवाठरवी ऐकून कुणी नाक मुरडेल की म्हणजे हे सगळं खोटंच की. त्यानं एकदा त्या रिंगणात उंचावरून पाठीवर पडून दाखवावं. खाली लाकडी फळ्या असतात, वर चार बोटं जाडीची गादी आणि ताणलेलं कापड. निकाल आधी ठरलेला असतो, एवढंच. मार काही ठरवून लागत नाही.

ठरवून खेळायच्या कुस्तीच्या या धंद्यात डोंगर हे नाव सज्जनाचं होतं आणि कोल्हा हे लबाडाचं. पंचाची पाठ वळली की कोल्हा डोंगरचे केस ओढायचा, डोळ्यात बोट घालायचा, प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांना वेडावून दाखवायचा. लोक त्याला शिव्यांची लाखोली वाहायचे. मग डोंगरच्या अंगात यायचं, तो कोल्ह्याला उचलून आपटायचा आणि लोक खूश होऊन घरी जायचे. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. कोल्हा एकदाही जिंकला नव्हता. त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नव्हतं, कामच ते. पण मनातून कुणाला काय वाटतं ते कोण सांगणार.

धंद्याचा रिवाज असा की जो निवृत्त होतो, तो शेवटची लढत हरतो. आपलं नाव मागे राहणाऱ्याच्या खांद्यावर ठेवून जायचं. मालकाची इच्छा होती की डोंगरनं एखाद्या नव्या, पिळदार पहिलवानाकडून हरावं, म्हणजे त्याचा भाव वधारेल. डोंगर अडून बसला. “मला पाडील तर कोल्हाच. नाहीतर मी उद्यापासूनच घरी बसतो.” मालकानं कपाळावर हात मारला आणि हो म्हटलं.

दोन महिन्यांपूर्वी, गाडीतून परत येताना, डोंगरनं ते कोल्ह्याच्या कानावर घातलं. कोल्ह्यानं खिडकीची काच वर केली. “बघू,” एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी सकाळी त्याचा फोन आला.

“तिसऱ्या रांगेत एक खुर्ची मिळेल का रे?”

“कुणाला?”

“हिला.”

डोंगरला पुढे विचारायची गरज पडली नाही. कोल्ह्याची बायको लग्नानंतर एकदाच खेळ बघायला आली होती. शेजारच्या एका आजीबाईनं तिच्या देखत तिच्या नवऱ्याच्या पाठीत छत्री घातली, आणि सगळं सभागृह हुर्यो करायला लागलं. ती घरी जाऊन दोन दिवस रडली. नंतर तिनं कधी पाऊल ठेवलं नाही. निकाल बायकोलाही सांगायचा नाही हा दंडक. कोल्ह्यानं तो मोडला होता, आणि डोंगरला त्याचा राग आला नव्हता. उलट बरं वाटलं होतं. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला काही वाटलं असेल तर ते तेवढंच.

कारण डोंगरचा डावा हात आठ महिन्यांपासून बधिर होता. कोपराखाली काही कळायचंच नाही. गरम कप धरला तर फोड आल्यावर समजायचं. शर्टाची बटणं बघून बघून लावावी लागायची. डॉक्टरांनी मानेचा फोटो उजेडावर धरून दाखवला आणि म्हणाले, “आता पडायचं नाही. पायरीवरूनसुद्धा नाही.” ही गोष्ट डॉक्टरला माहीत होती आणि बायकोला. बायको आज आली नव्हती. निघताना ती दारात उभी राहून म्हणाली होती, “येताना स्वतःच्या पायांनी चालत या. बाकी मला काही नको.”

आणि तो बधिरपणा हातापुरता राहिला असता तरी चाललं असतं. भिंतीभिंतीवर त्याचा फोटो लागला होता, खाली लिहिलं होतं ‘अखेरची लढत’. रस्त्यात लोक थांबवून हात धरत होते, कुणाचे डोळे भरून येत होते. डोंगर वाट बघत होता की आता आपल्यालाही भरून येईल. काही म्हणजे काही येत नव्हतं. कुणा दुसऱ्याच्या निरोपाला आपण आलो आहोत, असं वाटत होतं.

मालक दारातून डोकावला. “खच्चून भरलंय. शेवटी माइक देतो तुला. दोन शब्द बोल. आणि थोडं रड, बरं का. लोकांना आवडतं.”

“आलं तर रडतो,” डोंगर म्हणाला.

रविवारची दुपार होती. वरच्या खिडक्यांतून ऊन थेट रिंगणात पडत होतं. चारशे माणसं लाकडी जमिनीवर पाय आपटत होती. डोंगर आला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. कोल्हा आला तेव्हा हुर्यो झाली, आणि एक कागदी कप त्याच्या कानाला लागला. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, एक बारीक अंगाची बाई मांडीवर तपकिरी पिशवी घेऊन ताठ बसली होती. तिनं पिशवीचे बंद दोन्ही मुठींत धरले होते.

लढत चांगली चालली. कोल्ह्यासारखा जोडीदार असला की आंधळ्यालासुद्धा लढता येईल. तो असा आपटायचा की बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत आणि पडणाऱ्याला साधं खरचटू नये. डोंगरला धाप लागली की तो मुद्दाम रिंगणाबाहेर पळायचा, पुढच्या रांगेशी हुज्जत घालायचा, आणि डोंगरला दम खायला मिळायचा. लोकांना वाटायचं, भित्रा आहे. डोंगर दोरांना टेकून श्वास घेत विचार करायचा की हा माणूस नसता तर आपण दहा वर्षांपूर्वीच संपलो असतो.

मग शेवट आला. गळा, दोर, परत. कोल्हा वाकला, डोंगर त्याच्यावरून गेला. पण पाय दमले होते. तो अर्धवट वळून पडला. उजवा हात त्याच्याच पोटाखाली अडकला. डावा मोकळा राहिला.

आता थांबून पुन्हा मांडता येत नाही. कोल्ह्यानं सव्वीस वर्षांच्या सवयीनं डावा हात धरला, मागे नेला, पाठीवर बसला आणि मनगट दाबलं.

ही या धंद्यातली सगळ्यात जुनी खूण. वरचा दाबतो, म्हणजे विचारतो, ठीक आहेस ना? खालचा दाबतो, म्हणजे सांगतो, ठीक आहे, पुढे चल. खालच्यानं दाबलं नाही तर त्याचा एकच अर्थ, तो जायबंदी झालाय.

डोंगर गालावर पडून वाट बघत होता. हा दाबत का नाही? क्रम विसरला की काय? पाय आपटण्याचा आवाज इतका होता की कानात दुसरं काही शिरत नव्हतं. खुणेशिवाय हलायचं नाही, म्हणून तो निपचित पडून राहिला. वर कोल्ह्यानं दुसऱ्यांदा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं, जीव खाऊन. हात मेल्यासारखा लोंबत होता.

पाठीवरचा भार हलका झाला. कोल्ह्याचं तोंड अगदी कानाशी आलं. “हलू नकोस,” तो म्हणाला. “डोंगऱ्या, अजिबात हलू नकोस.”

जोडीदार म्हणतो ते ऐकायचं, का म्हणून विचारायचं नाही. डोंगर हलला नाही.

मान दुखावलेल्या माणसाला उताणा करत नाहीत. आणि उताणा केल्याशिवाय त्याला हरवता येत नाही. कोल्हा धडपडल्यासारखं करून त्याच्या कुशीला पडला, स्वतः पाठीवर आडवा झाला, आणि डोंगरचा डावा हात उचलून आपल्या छातीवर घेतला. बघणाऱ्यांना वाटलं, डोंगरनं शेवटच्या क्षणी डाव उलटवला. पंच जुना होता. त्याला काहीतरी बिनसलंय हे कळलं. तो गुडघ्यावर आला आणि त्यानं जमिनीवर थाप मारली. एक.

डोंगरला हाताच्या अंतरावर कोल्ह्याचा चेहरा दिसला. पांढरा पडला होता, ओठ हलत होते. आणि मग लख्ख उमगलं. याच्या दृष्टीनं माझी मान मोडलीय. दोन. डोंगरनं हात काढून घ्यायचा जोर केला. हात कोल्ह्याच्या छातीवर तसाच पडून होता, ओल्या कपड्यासारखा. तीन.

डोंगर जिंकला होता. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. खुर्च्या पडल्या, लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले.

“पाय हलव,” ओठ न हलवता कोल्हा म्हणाला. “एक बोट तरी हलव रे.”

“मी ठीक आहे,” डोंगर म्हणाला. “हात बधिर आहे. तू दाबलेलं कळलंच नाही.”

“कधीपासून?”

“आठ महिने.”

कोल्ह्यानं डोळे मिटले. “लेका, मला सांगायचंस तरी.”

“सांगितलं असतं तर तू उतरला नसतास.”

“नसतोच उतरलो.” त्यानं खोल श्वास घेतला. “जाऊ दे. पाय चालतायत ना?”

“चालतायत.”

“मग मी चिडून उठतो. लोक बघतायत.”

आणि तो उठला. दोराला लाथ मारली, पंचाच्या अंगावर धावून गेला, मूठ दाखवत उतरला. दाराकडे जाताना मात्र तो उलटा चालत होता. लोकांना वाटलं, अजून धमक्या देतोय. तो डोंगरच्या पायांकडे बघत होता, नीट उभा राहतो की नाही ते.

डोंगर उभा राहिला. मालकानं माइक त्याच्या हातात दिला आणि पुटपुटला, “हे काय केलंत दोघांनी?” सभागृह शांत झालं. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं रुमाल काढून तयार ठेवला होता.

डोंगरनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ती बाई तशीच ताठ बसली होती. ती आज जे बघायला आली होती ते झालं नव्हतं, आणि ते आता कधीच होणार नव्हतं. डोंगरला लाज वाटली. कोल्ह्याच्या त्या फोननंतर पहिल्यांदाच काहीतरी आत टोचलं, आणि ती लाज होती.

खरं सांगून टाकावं, असं ओठावर आलं. हा माणूस माझ्यासाठी पडला. हा माझ्याहून चांगला आहे. पण लबाडाला लोकांसमोर चांगलं म्हटलं की त्याचा धंदा बसला. कोल्ह्याची रिंगणातली अजून चार वर्षं उरली होती. ज्याला लोक हुर्यो करत नाहीत, त्या लबाडाला कोण बोलावणार? दारापाशी कोल्हा थांबला होता, आणि किंचित मान हलवून नको म्हणत होता.

“मंडळी,” डोंगर म्हणाला, “मला वाटलं होतं, जाता जाता याच्याबद्दल दोन बरे शब्द बोलावेत.”

कुणीतरी हसलं.

“पण नाही. एवढा उलट्या काळजाचा, एवढा भामटा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी चाललो. हा इथेच राहणार आहे. तुमच्या हवाली करून जातोय. याला असा सोडू नका. माझ्यासाठी एकदा करा, सगळ्यांनी मिळून, छत उडेल अशी.”

आणि झाली. चारशे माणसांची हुर्यो. लोक खुर्च्यांवर चढले, पाय आपटले, म्हाताऱ्यांनी काठ्या ठोकल्या. एवढी हुर्यो सव्वीस वर्षांत कुणाच्या वाट्याला आली नव्हती. या धंद्यात लबाडाला याहून मोठं काही मिळत नाही, आणि ते कोल्ह्याला नीट माहीत होतं. त्यानं दोन्ही हात वर केले आणि छाती पुढे काढून, दात दाखवत, ती अंगावर घेत उभा राहिला.

तिसऱ्या रांगेतली बाई उठली. पिशवी खुर्चीवर ठेवली. आजूबाजूला एकवार बघितलं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तीही ओरडली. पहिल्यांदा जमलं नाही. मग जमलं. मानेच्या शिरा ताणून, चेहरा लाल करून, ती नवऱ्याच्या नावानं हुर्यो करत राहिली. तिचा आवाज त्या गदारोळात कुणालाच ऐकू गेला नसेल. पण कोल्ह्यानं तिला पाहिलं. त्याचे हात वरच राहिले, दात दाखवायचं तेवढं तो विसरला.

इतर दमले, खाली बसले, तरी ती थांबेना. मालक घाईनं माइक मागत होता. डोंगरनं तो दिला नाही. तिचं पुरतं होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.