माझ्या पोटातून जाणारे पाणी

मित्रांनो, वाशिंदच्या बाहेर रस्ता जेथे किंचित उंच होतो, तेथे थांबा आणि खाली वाकून पाहा. काळ्या दगडांची, शेवाळलेली एक मोरी दिसेल, ती मी. रस्ता माझ्या पाठीवरून जातो आणि ओढा माझ्या पोटातून. पुढे तो भातसा नदीला मिळतो, नदीचे पाणी कल्याणच्या खाडीकडे जाते. समुद्र मी पाहिलेला नाही. तरी दर पावसाळ्यात त्याला काहीतरी पाठवत आले आहे.

मला बांधणाऱ्या गवंड्याने माझी रुंदी त्या काळच्या पाण्यावरून ठरवली. वरच्या अंगाला तेव्हा भाताची खाचरेच खाचरे होती. पाऊस आधी त्यांत साठे, बांधाबांधावरून उतरे आणि मग सावकाश माझ्यापाशी येई. भात लावण्याआधीच्या चिखलणीला पाणी कमी पडले, की शेजारचे शेतकरी धर्माकाका माझे तोंड दगड, माती आणि पेंढ्याने बुजवीत. तुंबलेले पाणी त्यांच्या खाचरांत चढे. काम उरकले, की ते मला मोकळी करीत. त्याचा मला कधी राग आला नाही.

पुढे मुरमाच्या गाड्या आल्या. एकेक खाचर भरावाखाली गेले आणि त्यावर चाळी उभ्या राहिल्या. माणसांना घरे हवीच होती. मी कोणाला बोल लावू? पण पाऊसही पूर्वीचा राहिला नाही. कधी पंधरवडाभर दडी मारी, तर कधी चार दिवसांचा एका दुपारी कोसळे.

२००५ च्या जुलैत असेच झाले. पाणी कमी म्हणून काकांनी माझे तोंड बुजवले होते आणि पाऊस अचानक तुटून पडला. वरच्या चाळीत राहणारी देवकी भिजत धावत आली.

“धर्माकाका, मोरी मोकळी करा!”

“घाबरतेस कशाला गो? दोन खाचरांची चिखलणी बाकी हाय. पानी पसरंल शेतात.”

“शेतं रायलीत कुठं? वर तुमच्याच पुतण्याची चाळ हाय! पानी आता घरांत पसरंल!”

काकांनी वर पाहिले. इतकी वर्षे रोज पाहत असूनही, तेथे शेते नाहीत हे त्यांना जणू त्या क्षणी दिसले.

“आमची म्हातारी खाटंवर हाय, काका. तिला उठता येत नाय. पानी खाटंला लागलंय.”

म्हातारी म्हणजे देवकीची सासू, काशी. काकांनी पहार उचलली, कमरेला दोर बांधला आणि ते ओढ्यात उतरले.

“दोर घट्ट धर गो, नायतर रेल्वेच्या पासाबिगर कल्याणला पोचंन!”

“बोलू नका, दगड काढा!” देवकी ओरडली. तिने दोराचा हाताभोवती आणखी एक वेढा घेतला.

दगड निघाले. पेंढ्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या. मी सारे बळ एकवटून पाणी ओढू लागले; परंतु माझे पोट जुन्या पाण्याच्या मापाचे. पाणी इंचाइंचाने उतरले. काशीआजी वाचली. तिची खाट मात्र संध्याकाळपर्यंत पाण्यातच होती.

खाली कल्याणलाही घरांत पाणी शिरल्याचे नंतर लोक माझ्या पाठीवर उभे राहून बोलत होते. ते ऐकून मी खिन्न झाले. येथे ज्याला थांबायला जागा उरली नव्हती, ते पाणी तेथे धावत गेले होते आणि भरतीच्या खाडीने त्याला आत घेतले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात काकांच्या खाचरांवर भराव टाकण्याविषयी विचारायला एक माणूस आला. काका म्हणाले, “नाय. पान्याला बसायला एवढी तरी जागा राहू दे.” देवकीने चाळीतल्या सह्या गोळा करून ग्रामपंचायतीत अर्ज दिला. दोन वर्षे फेऱ्या घातल्या, तेव्हा माझ्या शेजारी दुसरी, रुंद मोरी बांधली गेली.

मित्रांनो, आता आम्ही दोघी आहोत. तुम्ही घर जरूर बांधा. मात्र जमीन भरण्यापूर्वी एकदा भर पावसात तेथे उभे राहा आणि पाणी कोठून येते, कोठे जाते ते पाहा. ज्यांना तुम्ही कधी भेटणार नाही, अशा माणसांच्या दारापर्यंत ते जात असते. त्याला सावकाश जाऊ द्या.